उपाशीपोटीचा चहा

आता हसायचं तर हसा, पण चहा संपेपर्यंत कुणी उठू नका. माणूस शहाणपणा करता करता किती येडा ठरू शकतो, ते माझ्याकडं बघून कळतंय.

आमच्या सुनंदाला, म्हणजे बायकोला, थायरॉईड निघाला. अंगावर सूज, केस गळायले, भाकरी थापता थापता बिचारी खाली बसायली. मी लई घाबरलो, खोटं कशाला बोलू? लातूरच्या डॉक्टरबाईंनी गोळी दिली, उपाशीपोटी घ्या म्हणल्या. पण नुसत्या गोळीवर भरवसा ठेवील तो नवरा कसला! मोबाईलवर थायरॉईडचं पथ्य वाचलं अन् घरात कायदाच लावला. कोबी बंद, फ्लॉवर बंद. रेणापूरला आमच्याच रानात पोत्यानं पिकतंय ते सोयाबीन बंद. शेंगाची चटणीबी बंद! लातूरच्या माणसानं त्या चटणीबगर भाकर कशी गिळायची, तुम्हीच सांगा. तिच्यासंगं मीबी सोडली.

मग येळवस, म्हणजे वेळ अमावस्या आली. सगळे भाऊबंद रानात, समोर भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. सुनंदानं उंड्याला हात घातला, मी तो अलगद बाजूला सारला. बाजरी न्हाई चालत! तिनं हात मागं घेतला. वर्षाच्या सणाला डब्यातला दोडका अन् ज्वारीची भाकर खाऊन उठली.

अन् एवढं करून रिपोर्ट पहिल्यापेक्षा वाईट. डॉक्टरबाई चक्रावल्या. गोळी कशी घेता, म्हणल्या.

मी छाती फुगवून सांगितलं, "मॅडम, मी स्वतः देतो. रोज सकाळी उपाशीपोटी, माझ्या हातच्या चहासंगं."

"चहासंगं?"

"हाव. दुधाचा, आलं घालून."

बाईंनी पेन खाली ठेवला. चहा-दुधानं ही गोळी अंगाला नीट लागतच न्हाई म्हणल्या. नुसत्या पाण्यासंगं घ्यायची अन् पुढं तासभर काही न्हाई. बाकी भाज्या, बाजरी, शिजवून बेतानं सगळं खाऊ द्या.

आता आपल्याकडं उपासालाबी चहा चालतो. मग तो उपाशीपोटी चालत न्हाई, हे मला कसं कळावं?

हळूहळू सुनंदा सुधारली. परवा परत खलबत्त्यात चटणी कुटायली, तो आवाज ऐकून माझे डोळेच भरले. बाईंचे उपकार हायेतच, पण सुनंदाचे त्याहून जास्त. तिला म्हणलं, माझ्या येडेपणानं तुझी येळवस गेली, तरी एका शब्दानं बोलली न्हाईस.

"तुमचा जीव तुटत होता, दिसत होतं मला," ती म्हणली. "पण तुमच्या हातचा चहा बंद झाला तवा देव पावला बघा. तेवढं पथ्य जन्मभर पाळीन."

घाबरू नका, तुमच्या हातातला तिनंच केलाय.