नुसतं प्रश्नचिन्ह

तीन आठवड्यांपूर्वी उस्मानभाईंच्या शमीमचा फोन आला. "मॅडम, अब्बा गेले..." एवढंच म्हणाली. मला मॅडम म्हणायची सवय तिला उस्मानभाईंनीच लावलेली. खरं तर ते माझ्याहून चांगले पंचवीस वर्षांनी मोठे.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. आकुर्डीजवळच्या आमच्या कारखान्यात युनिक्सवर चालणारा पहिला संगणक आला, आणि स्टोअरच्या लोकांनी सुट्या भागांच्या याद्या कोणत्या एडिटरमध्ये, म्हणजे टाइप करायच्या कोणत्या प्रोग्रॅममध्ये लिहायच्या, हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. मी नुकती शिकून आलेली, त्यामुळे शिंगं फुटलेली. पडद्यावर अख्खं पान दाखवणारा नवा एडिटरच हवा, असं मी परस्पर ठरवून टाकलं. एकेक ओळ घेणारा जुना एडिटर मला बैलगाडी वाटायचा. स्टोअरकीपर उस्मानभाईंना यंत्रावर यादी करायला शिकण्यासाठी साहेबांनी महिन्याची मुदत दिली होती. नाही जमलं तर भंगाराच्या यार्डात बदली. कुठलं बेअरिंग कुठल्या खणात आहे, हे ज्याला तोंडपाठ, त्या माणसाला भंगारात धाडायचं! नव्या एडिटरमध्ये लिहायच्या आधी एक बटण दाबावं लागे, नाहीतर तो प्रत्येक अक्षर हुकूम समजे. उस्मानभाई ते बटण विसरले, टाइप करत गेले, आणि सकाळपासूनची यादी डोळ्यांदेखत पुसली गेली. "किती वेळा सांगायचं तुम्हाला?" मी सगळ्यांसमोर ओरडले. त्यांनी नुसती डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. आठवलं की आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी ते कोपऱ्यातल्या, पडद्याऐवजी कागदावर छापणाऱ्या टर्मिनलपाशी जाऊन बसले आणि मला जुना एडिटर सुरू करायला लावला. काही चुकलं की तो एक प्रश्नचिन्ह छापायचा, बाकी चकार शब्द नाही. मला त्याचा भारी राग यायचा. अरे, काय चुकलं ते तरी सांग! उस्मानभाई मात्र खुदकन हसले.

"ह्यो बरा हाय, मॅडम. वरडत न्हाई. नुसतं इचारतो, काय म्हणला? आन् कागदावर समदं ऱ्हातं. कुठं चुकलो ते आपलं आपल्याला दिसतं."

मी अहवालात मुकाट्याने लिहिलं, नवशिक्यांना जुनाच एडिटर द्यावा. मुदतीच्या शेवटच्या दिवशी साहेबांनी त्यांची पूर्ण यादी पाहिली, आणि स्टोअर त्यांच्याकडेच राहिलं. पुढे मी कितीतरी जणांना शिकवलं. कुणी चुकलं की जीभ शिवशिवायची, पण मी "काय म्हणता?" एवढंच विचारायची.

परवा कासारवाडीला त्यांच्या घरी गेले, तेव्हा शमीमने कपाटातून एक घडी घातलेला कागद काढला. त्या शेवटच्या दिवसाचा. यादी संपल्यावर खाली इंग्रजी अक्षरांत त्यांनी टाइप केलं होतं, 'शुक्रिया मॅडम'. यंत्राला ते कुठून कळायला? खाली नेहमीचं प्रश्नचिन्ह उमटलेलं.

"तुम्हाला दाखवायचा होता त्यांना," शमीम म्हणाली, "पण लाजायचे."

कागद आता माझ्या टेबलावर आहे. त्या प्रश्नचिन्हापुढे काही लिहावं म्हणून दोनदा पेन उघडलं... उस्मानभाई, त्या दिवशी मी तुमच्यावर ओरडले, त्याची माफी तेवढी मागायची राहिली.