अण्णा स्क्रीनवर दिसेना

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही आहे असं म्हणवत नाही. मी म्हैसुरात एका छोट्या कंपनीत चिप डिझाइन करते. माहेर शहरातल्याच नजरबाद भागातलं, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, त्यामुळे घरातली मराठी अर्धी कन्नड.

आमची चिप कॅमेऱ्यासाठी आहे. कारखान्यातून येताना कुठलेच दोन पिक्सेल सारखे नसतात — एखादा मंद, एखादा उगाच चमकणारा. आपला मेंदू डोळ्यांतले दोष जाणवू देत नाही ना, तशी ही चिप स्वतःचे दोष शिकते आणि चित्रातून पुसून टाकते.

आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, ऑफिसात घरच्यांनाही बोलावतात. दुपारी माझा मोठा भाऊ अण्णा आला. लष्कर मोहल्ल्यात त्याचं फोटोफ्रेमचं दुकान. पूजा झाल्यावर सगळे हौसेनं कॅमेऱ्यापुढे उभे राहून स्क्रीनवर स्वतःला बघत होते. अण्णा उभा राहिला... आणि स्क्रीनवर नुसती मागची भिंत. त्याच्या हातातली प्रसादाची ताटली दिसत होती. हात नव्हता.

सगळे हसले. अगदी स्थिर वस्तू ही चिप कधी कधी दोष समजून पुसते, म्हणून मी त्याला हलायला सांगितलं. तो चार पावलं चालला. स्क्रीनवर ताटली तेवढी सरकली.

मी चिप रीसेट केली. आधी कच्चं, ठिपक्याठिपक्यांचं चित्र आलं — त्यात अण्णा स्पष्ट होता. मग चिप शिकू लागली. एकेक ठिपका विझत गेला, आणि त्यांच्याबरोबर अण्णाही... आधी चेहरा, मग खांदे. आता कुणी हसत नव्हतं.

"मी दिसत नाही काय गं?" त्यानं हळूच विचारलं.

काहीतरी बिघाड आहे, असं मी सांगितलं. स्कूटरवरून परतताना तो आमच्या अर्ध्या कन्नडात म्हणाला, "बिडु... जाऊ दे. तुझ्या वहिनीला सांगू नको."

मी हट्टानं त्याची तपासणी करून घेतली. सगळे रिपोर्ट नॉर्मल. दिवाळीच्या आधी, भर दुपारी, दुकानात काच कापता कापता तो खाली बसला. हॉस्पिटलपर्यंत पोचलाच नाही. हार्ट अटॅक, डॉक्टर म्हणाले.

त्यानंतर कितीतरी जणांना मी त्या चिपपुढे उभं केलं. कुणीच पुसलं गेलं नाही. आमचे सर म्हणतात, शर्ट भिंतीच्या रंगाचा असेल. असेल... पण चेहरा?

माझी मुलगी हल्ली ऑफिस बघायचंय म्हणून मागे लागते. मी नेत नाही. नवरा विचारतो, का? त्याला काय सांगू... मलाच अजून काही कळलेलं नाही.