आमच्या घराण्याचे कडक डोहाळे

आमच्या घरातल्या बायका दोनच गोष्टींची बढाई मारतात. एक तांदळाची, दुसरी डोहाळ्यांची. तांदळाचं कुणालाही पटेल, कारण कडावच्या रस्त्याला आमची भाताची गिरणी आहे आणि आमच्या गिरणीतून निघालेला तांदूळ शिजला की कर्जतच्या स्टेशनावर उतरलेला माणूस घर विसरून आमच्याकडे वळतो. डोहाळ्यांचं मात्र बाहेरच्यांना समजावून सांगावं लागतं.

शहरात डोहाळे म्हणजे चिंचा, कैऱ्या, हिरवी साडी आणि झोपाळ्यावर बसून फोटो. आमच्याकडे "तिला कडक डोहाळे लागलेत" म्हटलं की समजायचं, बाई पहाटेपासून मोरीत बसली आहे. उलटी हा शब्द आम्ही अशा वेळी तोंडाला लावत नाही. उलटी आजाऱ्याला होते, घाटात गाडी लागलेल्याला होते, पिऊन आलेल्याला होते. पोटुशी बाईला डोहाळे होतात. आणि ज्या बाईचे डोहाळे जास्त कडक, तिचा मान मोठा.

हा मान मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंकडे होता आणि त्यांनी तो कुणाला हातही लावू दिला नव्हता. माझ्या नवऱ्याच्या वेळची त्यांची गोष्ट गिरणीत येणाऱ्या प्रत्येकाला पाठ होती. "ऐन लावणी. आख्खं खाचर मी लावलं. एकदा वाकायची रोप लावायला, एकदा वाकायची वकायला. त्या साली त्या खाचराला खत घालाय लागलं नाय!"

त्यामुळे मला दिवस गेले आणि पोटात पहिली ढवळाढवळ झाली, तेव्हा दुसरी एखादी रडली असती. मी पदर खोचला.

आधी माझ्या नाकाबद्दल सांगायला हवं. डोळे मिटून मूठभर तांदूळ हुंगला की तो नवा की जुना, कुठल्या शेतातला, आणि मालक घरी भांडून आलाय का, हे मी सांगायचे. शेवटचं लोकांना पटत नसे, पण मालकांना पटायचं. असं हे नाक दुसऱ्या महिन्यात माझ्यावर उलटलं. त्याला सगळे वास चालायचे, एक सोडून. शिजणाऱ्या भाताचा. भाताच्या गिरणीवाल्याच्या सुनेला! कडाव नाक्यावर कुणी कुकर लावला की पहिली शिट्टी व्हायच्या आधी मला कळायचं, आणि दुसरी व्हायच्या आत मी मोरीत. मग ते नाक इतकं तिखट झालं, की वारा वरून उतरला की माथेरानची घोडी आमच्या ओट्याला बांधल्यासारखी वाटायची. त्यातलं कुठलं लंगडतंय हेही मी सांगितलं असतं, पण बोलायला सवड नव्हती. माझा आवाज पोशीरपर्यंत ऐकू जायचा असं लोक म्हणतात. म्हणजे मीच म्हणते, पण लोकांनी अजून खोडून काढलेलं नाही.

गिरणीत येणारे पोतं उतरवायच्या आधी विचारायला लागले, "वहिनी, आत आणू, का लांबच ठेवू?"

सासूबाई हे सगळं बारीक डोळ्यांनी बघत होत्या. नवीन पैलवान तालमीत आल्यावर जुना पैलवान बघतो तसं.

पहिल्या तपासणीला त्याच मला घेऊन कर्जतला गेल्या. डॉक्टरीणबाई नुकत्याच शहरातून आलेल्या, हसऱ्या. त्यांनी विचारलं, "काही त्रास?"

"नाय वो मॅडम, त्रास कसला," सासूबाई अभिमानाने म्हणाल्या. "डोहाळं हायत. कडक."

"अरे वा! कशाचे?"

"भाताचे," मी म्हणाले.

"मग खा की! मनाला येईल तेवढा खा."

आम्ही बाहेर आलो. जिना उतरताना सासूबाईंनी दवाखान्याच्या पाटीकडे वळून बघितलं. मग म्हणाल्या, "ही बाय शिकलेली हाय ना गं?"

त्यानंतरच्या दिवसांचं मी काही वाढवून सांगणार नाही. वाढवायला अंगात काही उरलंच नव्हतं. अन्न राहत नव्हतं, ते राहू दे. पाणी राहत नव्हतं. घोटभर प्यायले की घोटभर परत, वर आणखी कडू हिरवं. बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या आणि हात खाली केला की खळकन परत यायच्या. लघवी कोऱ्या चहासारखी झाली होती. उभी राहिले की गिरणीच्या पट्ट्यासोबत भिंतीही फिरायच्या. तरीही सासूबाईंनी "कसं वाटतंय?" विचारलं की मी म्हणायचे, "मस्त! आज तर काय विचारूच नका!" मान हातातोंडाशी आला होता ना.

शेवटी नवऱ्याने मला टेंपोत बसवलं आणि परत कर्जतला नेलं. या वेळी मी काही सांगायच्या आत टेबलाशेजारच्या बेसिनने सगळं पाहिलं.

"हे कधीपासून होतंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"डोहाळे लागल्यापासून."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "थांबा. डोहाळे म्हणजे... हे?"

"आमच्याकडे हेच."

त्यांनी लघवी तपासून घेतली, जीभ बघितली, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती चिमूट तशीच उभी राहिली. मग त्यांनी समोर बसवून नीट सांगितलं. अंगातलं पाणी आटत चाललंय. मिठासाखरेचं पाणी चमचा चमचा घेत राहायचं. आणि एक गोळी आहे, दिवस राहिलेल्या बायकांना याच त्रासासाठी देतात. ती फार वर्षं वापरात आहे आणि तिने बाळाला अपाय झाल्याचं दिसलेलं नाही. झोप मात्र येईल. "जबरदस्ती नाही," त्या म्हणाल्या. "पण गोळी घेऊनही पाणी टिकलं नाही, तर दाखल करून सलाईन लावावं लागेल. विचार करा, काही शंका आली तर फोन करा. ठरवायचं तुम्ही."

ठरवायचं मी! लग्नात साडीचा रंगसुद्धा दोन घरांनी मिळून ठरवला होता. आणि आता पोटात शेंगदाण्याएवढं कुणीतरी, त्याला अजून तोंड फुटलेलं नाही, आणि त्याच्या वतीने मला हो किंवा नाही म्हणायचं होतं. मी डोकं दुखलं तरी गोळी घ्यायच्या आधी कपाळाला सुंठ लावून बघणारी. गोळ्यांची ती पट्टी मी घरी आणली आणि गिरणीतल्या फळीवर ठेवली. मोठी चूक. आमच्या गिरणीत एखादी गोष्ट फळीवर ठेवली की ती गावाची होते.

"डोहाळ्याला कुणी औषध घेतं व्हय?" कणी न्यायला आलेली शेजारीण म्हणाली. "पोर झोपाळू होईल."

"होऊ दे की," पोत्यावर बसलेले म्हातारबाबा म्हणाले. "आमच्यात एक नातू हाय, घराला डोळा लावू देत नाय. एक गोळी त्याला बी द्या."

"चेष्टा नाय बाबा. माझ्या मावशीच्या जावेच्या सुनेनं घेतली व्हती."

"मंग? काय झालं?"

शेजारणीने कणीची पिशवी काखेला मारली. "मुलगा झाला. आता मुंबईला हाय."

नवऱ्याला विचारलं, "अहो, तुम्हाला काय वाटतं?"

"तुला काय वाटतं?"

"मी तुम्हाला विचारतेय."

"तुला वाटेल तेच मला वाटतं."

"मग अर्ध्या उलट्या पण तुम्हीच काढा!" मी म्हणाले. उलटी हा शब्द त्या घरात, त्या कारणासाठी, पहिल्यांदा उच्चारला गेला. गिरणी बंद असती तर शांतता पसरली असती. पण पट्टा चालू होता.

सासूबाई सुपातला कोंडा पाखडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "घे बाय, घे. पण मंग कडक व्हतं कडक व्हतं म्हणून सांगत फिरू नको. गोळीनं काय, कुणीबी वाघ मारंल."

म्हातारबाबा पोत्यावरून पडेपर्यंत हसले. मलाही हसू आलं, आणि लागलंही. कारण माझ्या मनात तेच होतं. एवढा वाघ नुसत्या हातांनी गळा आवळत आणला होता. आता गोळी?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरणीच्या पायरीवर बसले होते. समोर वाटीत मीठसाखरेचं पाणी. एक चमचा घेतला. गेला, फिरला, आला. पुसलं, परत घेतला. परत आला. सासूबाई शेजारी येऊन बसल्या, पाठीवरून हात फिरवायला लागल्या. कष्टाने खडबडीत झालेला हात, पण तो त्या दिवशी पाठीच्या मणक्यांवरून खड्ड्यांतून टेंपो जावा तसा गेला आणि थांबला. मणके मोजता येत होते म्हणून थांबला असावा.

मी विचारलं, "आई, लावणीच्या वेळी वकून झालं की मग तुम्ही काय करायचात?"

"काय म्हंजे? जेवायची. बांधावर बसून. भाकर, सुकट, कांदा. वर तांब्याभर पाणी. भूक काय कमी लागते का गं चिखलात?"

"आणि ते राहायचं?"

"राहायचं तर! न राहून..." त्या बोलता बोलता थांबल्या. वाटीकडे बघितलं. चमच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. "तुला ह्ये एवढं पाणी बी नाय राहत?"

"नाय राहत."

त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. कुणाच्या पाया पडायच्या आधी करतात तसा. आणि आतल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "मंग तुजं माज्याहून कडक हाय. माजं कायबी नव्हतं."

लोकहो, तीस-पस्तीस वर्षांचा मान त्या बाईने असा एका वाक्यात खाली ठेवला! मी सांगते, त्या वेळी पट्टासुद्धा घटकाभर थांबला होता. वीज गेली होती असं नवरा म्हणतो, पण त्याला काय कळतंय.

मग त्यांनी मला फोन लावायला सांगितला, स्पीकरवर. "मॅडम, मी सासू बोलतेय. ही गोळी पोराला काय करंल?"

"काही अपाय करत नाही, आजी. खूप बायकांनी घेतलीय."

"आन् नाय घेतली तर?"

"तर कदाचित आपोआप कमी होईल. पण आत्ता तिची अवस्था बघता वाट बघण्यात तिला त्रास आहे. आणि तिला पाणीच मिळालं नाही तर बाळाला कुठून मिळणार?"

"मंग तुमी पयल्यांदाच का नाय दिली?"

पलीकडून एक खोल श्वास ऐकू आला. "आजी, तुम्ही मला भाताचे डोहाळे सांगितले होते."

फोन ठेवला. म्हातारबाबा, शेजारीण, नवरा, सगळे सासूबाईंकडे बघत होते, आता निकाल येणार म्हणून. त्या उठल्या आणि सूप घेतलं. "माज्याकडं काय बघताय? पोट तिचं हाय."

मग मीच उभी राहिले. उभी म्हणजे दाराच्या चौकटीला धरून. गोळीची भीती मी ऐकलेली होती, मावशीच्या जावेच्या सुनेपर्यंत जाऊन आलेली. तहान मात्र माझ्या अंगात होती, आणि शेंगदाण्याच्याही. एकीकडे कुणी कधी न बघितलेलं, एकीकडे रोज बघतेय ते. मी म्हणाले, "मी घेणार. आजपासून." आवाज असा निघाला की फळीवरच्या पट्टीला स्वतःलाच कळलं असेल, आपल्याला निवडलंय. आमच्या घरात डोहाळ्यांना औषध घेणारी मी पहिली बाई. हे मी आजही जिथे जाते तिथे सांगते. हळदीकुंकवात सांगते, बँकेच्या रांगेत सांगते. खालापूरला माहेरी गेले की तिथल्या बायकांना गोळा करून सांगते.

गोळीने जादू केली असं सांगायला मला आवडलं असतं. काही ठिकाणी मी तसं सांगितलेलंही आहे. खरं म्हणजे आधी नुसती झोप आली. मी अशी झोपले की गिरणीत चार टेंपो उतरले, भरले, गेले, एक टेंपोवाला तर म्हणे माझ्या घोरण्यालाच दुसऱ्या गाडीच्या इंजिनाचा आवाज समजून टेंपो मागे घेत होता. मग हळूहळू पाणी राहायला लागलं. मग लिंबूपाणी. कोरडं बिस्कीट. मळमळ होतीच, अधूनमधून मोरीही होती, पण आता मोरी माझी मालकीण नव्हती.

आणि मग एका दुपारी सासूबाई ताटली झाकलेलं भांडं घेऊन मागच्या दाराने आल्या. जुन्या तांदळाच्या कणीची पेज. मला वाफ लागू नये म्हणून शेजारणीच्या चुलीवर शिजवली, तिच्याच अंगणात थंड केली, आणि वाऱ्याची दिशा बघून वळसा घालून आणली. त्यांनी भांडं माझ्यापुढे ठेवलं, त्यात मिठाचा खडा टाकला, आणि स्वतः बादली घेऊन समोर बसल्या. तलवार घेऊन बसावं तशा.

मी एक चमचा घेतला. दारात शेजारीण, खिडकीत म्हातारबाबा, मागे नवरा.

"राहिलं?"

"थांबा ना आई."

दुसरा. तिसरा. पेज जिभेवरून घशात, घशातून खाली, आणि खाली गेल्यावर तिथेच बसली, आपलं घर असल्यासारखी. मी भांडं तोंडाला लावलं आणि तळापर्यंत प्यायले. कुणी श्वास घेत नव्हतं. तेवढ्यात पोटातून काहीतरी वर यायला लागलं. सासूबाईंनी बादली उचलली, नवरा पुढे धावला, शेजारणीने डोळे मिटले.

ढेकर होता. कर्जत तालुक्यात त्यानंतर तसा कुणी दिलेला नाही.