चोकाचं बटण

हे मी आजपर्यंत कुणाजवळ बोलले नाही. देवाजवळही नाही — देवाला मी तसंही फार काही सांगत बसत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते असं समजा. ओळखीच्या माणसाला सांगायची हिंमत असती तर सहा वर्षं अशी गेली नसती.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. लिहायला वेळ लागतो. लागू द्या.

आमचा तांडा फुलसावंगीहून पायी अर्ध्या तासावर आहे. नवरा लवकर गेला. एकच लेक, कविता. तिचं लग्न पुण्याकडे कामाला असलेल्या मुलाशी करून दिलं. आमच्यात मुलगी सासरी निघते तेव्हा ढावलो म्हणते — एकेकाच्या गळ्यात पडून, रडत रडत गायचं. कविता माझ्या गळ्यात पडून इतका वेळ गायली की मीच म्हटलं, पुरे, जीप थांबली आहे. मी रडले नाही. बायका मला दगड म्हणाल्या. मग नऊ वर्षं ती तिकडे होती आणि मी रोज संध्याकाळी एक भाकरी थापली. एका भाकरीसाठी चूल पेटवायची — कधी पेटवली आहे तुम्ही?

नवऱ्याशी तिचं पटलं नाही. ती परत आली. लोक हळहळले. मला आनंद झाला. हेही सांगूनच टाकते.

पुण्याकडे ती एका नर्सरीत कामाला होती. तिथल्या मालकानं नवे दिवे आणले तेव्हा जुने चार दिवे तिला देऊन टाकले. रोपं घरात वाढवायचे दिवे — पिवळ्या, जड उजेडाचे. आमच्या मागच्या खोलीत पूर्वी कापूस भरत होतो. तिथं तिनं भिंतींना चुना मारला, लोखंडी रॅक लावले आणि वर दिवे टांगले. त्यांचे चोक तापतात म्हणून ते बाहेर ओसरीच्या भिंतीवर बसवले. बसवले युनूसभाईनं. फुलसावंगीत त्याचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळली की सगळे त्याच्याकडेच नेतात. दोन चोकांतले कपॅसिटर गेले होते, ते त्यानं बदलून दिले.

ट्यूबलाइटचा चोक तुम्ही पाहिला असेल. हे तसेच, पण विटेहून मोठे, आणि प्रत्येकाला एक बटण. बटण फिरवलं की दिवा मंद होतो, निम्म्यापर्यंत. कोवळ्या रोपाला आधी निम्मा उजेड. पानं फुटली की वाढवायचा, मग पूर्ण. दिवा लावल्या लावल्या मंद करायचा नाही, आधी पंधरा मिनिटं पूर्ण तापू द्यायचा. पानांच्या उंचीवर हात उपडा धरायचा — हाताला चटका बसला तर पानालाही बसतो. हे सगळं मला कवितानं शिकवलं. सकाळी सहाला दिवे लागत, रात्री आठला बंद होत. तिन्हीसांजेला ती उलट्या बादलीवर बसून रोपांकडे बघत बोलत राहायची. माझ्याशी की त्यांच्याशी, कळायचं नाही. मी दारात बसून लसूण सोलायचे. ते बोलणं माझ्या कानात अजून आहे. शब्द गेले, आवाज आहे.

पावसाळ्यात महिनाभर आभाळ भरलेलं. लोकांची रोपं उजेडाला आसावून लांब व्हायची आणि माना टाकायची. कविताची रोपं बुटकी, दांड्याला जाड. लोक बघायला येऊ लागले. नागपूरकडच्या एका मोठ्या नर्सरीचा माणूस गाडी घेऊन आला. त्यानं शिमला मिरचीची रोपं करायला दिली. ही खेप चांगली निघाली तर आमच्याकडेच ये म्हणाला, सगळी खोली तुझ्या हाती देतो, राहायची सोय आहे.

तो गेल्यावर कविता म्हणाली, “तू बी चाल याडी. तिथं खोली भेटते.” आमच्या बोलीत आईला याडी म्हणतात.

मी म्हटलं, “मले कायले नेतं? ह्या घराले कोन पाहीन?”

तिनं पुन्हा विचारलं नाही. का विचारावं? तिनं विचारलं, मी नाही म्हटलं. गोष्ट सरळ होती. आणि तरी मी वाट पाहत राहिले की ती पुन्हा विचारेल. किंवा म्हणेल, तू नाही तर मीही नाही. ती तसं काही म्हणाली नाही. गाणं गुणगुणत ट्रेमध्ये बी टोचत होती.

आता ते.

ती सकाळी आठला स्कूटीवर निघायची, गावोगाव फिरून शेतकऱ्यांना भेटायची, दिवस बुडताना यायची. खोली माझ्यावर सोपवलेली. रोपांना पानं आली, उजेड पूर्ण करायचा दिवस आला, तिनं चारही बटणं पूर्ण केली आणि गेली. स्कूटी दिसेनाशी झाली. मी ओसरीवर गेले आणि चारही बटणं खाली फिरवली. एकदा नाही. रोज. जवळजवळ तीन आठवडे. संध्याकाळी ती यायच्या आधी पुन्हा वर.

रागात केलं म्हणावं तर राग नव्हता. भाकरी थापता थापता उठायचे, फिरवायचे, परत येऊन तव्यावरची उलटायचे. इतकं साधं होतं ते.

दहा-बारा दिवसांत दांडे लांब दिसू लागले. तिनं दिवे खाली घेतले. हात धरून पाहिला. पाणी कमी केलं, पंखा लावला. रोज संध्याकाळी येऊन पाहायची तर उजेड पूर्ण — मग रोपं अशी का? स्वतःलाच शिव्या द्यायची. मी चहा करून द्यायचे. मग रोपांनी माना टाकल्या. नागपूरचा माणूस आला, एक ट्रे उचलून पाहिला, खाली ठेवला. रागावला नाही. ताई, पुढं पाहू, म्हणाला. पुढं काही पाहायचं नाही, हे तिलाही कळलं.

दुसऱ्या दिवशी तिनं युनूसभाईला बोलावलं. त्यानं मीटर लावून चारही चोक तपासले. चोकात काही दोष नाही म्हणाला. तेव्हा ती माझ्याकडे वळली.

“याडी, मी नसतानी दिवे मंद व्हत होते का वं?”

तेव्हा तरी खरं सांगितलं? नाही.

“व्हत होते बाई कधी कधी,” मी म्हटलं. “मले वाटलं लाइनचं असंन.”

युनूसभाई माझ्याकडे नाही, चोकाकडे बघत होता. एका बटणावर ज्वारीच्या पिठाची बोटं उमटली होती. मलाही ती तेव्हाच दिसली. त्यानं खांद्यावरच्या फडक्यानं ते बटण पुसलं. मग चारही पुसली.

“मावशी म्हनते तं असंन,” तो म्हणाला आणि मीटर पिशवीत टाकलं.

कविता बाजाराच्या दिवशी त्याच्या दुकानासमोर उभं राहून त्याला बोल बोल बोलली. सडके कपॅसिटर टाकले, माझं आयुष्य बुडवलं म्हणाली. लोकांनी ऐकलं. काहींनी मोटारी दुसरीकडे न्यायला सुरुवात केली. तो खाली बघून मोटारीत तार भरत राहिला. मी तिच्या मागे पिशवी धरून उभी होते.

मला पाहिजे होतं ते झालं. कविता राहिली. दीड वर्ष राहिली. दिवे, चोक सगळं भंगारात गेलं. माझ्याबरोबर निंदायला यायची, जेवायची, भिंतीकडे तोंड करून निजायची. विचारलं तेवढंच बोलायची. ती घरात होती आणि मी तिची वाट पाहत होते. मग एक दिवस पुण्याला गेली. एका गोदामात फुलांचे खोके भरते. रोपांचं नाव काढत नाही.

दर रविवारी तिचा फोन येतो. जेवली का, गुडघा कसा आहे. मी फोन कानाशी घट्ट धरते आणि तिच्या मागचे आवाज ऐकते — भांडी, कुणाचा टीव्ही. परवा कोण जाणे कशी, ती आपणहून म्हणाली, “याडी, त्या मिरचीचा इचार अजून येते मले. काय चुकलं असंन माह्यं?”

मी म्हटलं, “आभाळ व्हतं ना बाई ते दिवस.”

“खोलीत कुठचं आभाळ वं याडी?” म्हणाली आणि हसली. तिचं हसणं मी सहा वर्षांनी ऐकलं. मीही हसले.

मग तिनं फोन ठेवला. हे मागच्या रविवारचं आहे.