संकटाची वेळ

कॉलेज रोडवरच्या नेट कॅफेत मी नोकरीचे अर्ज पाठवायला जायचो, तेव्हा शेजारच्या कॉम्प्युटरवर एक गृहस्थ रोज दिसायचे. अंगात सफारी, मांडीवर पिशवी. पिशवीत टॉर्च, मेणबत्ती, काड्यापेटी आणि जादा चष्मा. सातपूरच्या कुठल्याशा कारखान्यातून निवृत्त झाले होते. आता कंपन्यांसाठी इंटरनेटवर लेख लिहायचे: संकट आलं तरी धंदा बंद पडू नये म्हणून काय करावं. त्यांचा पुरा झालेला लेख मात्र कुणी पाहिला नव्हता.

ते भारनियमनाचे दिवस होते. लाईट कधी जाणार हे पेपरात छापून यायचं, आणि काका नेमके त्याच्या जरा आधी यायचे. लेख रंगात आला की लाईट जायची, लेख उडायचा. आम्ही हळहळायचो, हे टॉर्च दातात धरून बंद पडलेल्या कीबोर्डवर टाइप करतच राहायचे! माणूस सरकलाय, असं माझं ठाम मत होतं.

एकदा न राहवून मी म्हणालो, "काका, सकाळी येत जा ना."

"सकाळी संकट कुठे असतं?" ते माझ्यावरच डाफरले.

मग एके दिवशी वेळ टळून गेली तरी लाईट गेली नाही. काकांचे हात थांबले. ते फिरत्या पंख्याकडे बघत राहिले.

"आज मंत्री आलेत नाशकात," कॅफेवाला म्हणाला. "लाईट नाही जायची. लिहा निवांत."

काकांना घाम फुटला. पिशवी चाचपत ते म्हणाले, "अहो, याची तयारी नाही केली मी."

आणि अर्धा लेख पडद्यावर तसाच सोडून, लख्ख उजेडात टॉर्च लावून ते जिना उतरून गेले.