परतीची नळी

समस्त वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, काल हातावर पेट्रोल सांडलं आणि त्या वासासरशी मी दुष्काळातल्या आमच्या गावात जाऊन पोचलो.

सोसायटीचा जुना ट्रक केजहून पाणी आणताना वेशीवरच बंद पडला होता. ते पाणी आधी चेअरमनच्या हौदात पडे, उरलं तर गावाला. उन्हानं पेट्रोलची नळीतच वाफ होत होती, म्हणून रशीद मिस्त्री पंपापासून पेट्रोलच्या टाकीपर्यंत दुसरी नळी जोडत होते.

"ही कशाला बे?" चेअरमननी विचारलं.

"इंजिन लागंल तेवढंच घेतंय, साहेब. उरलेलं हिच्यातून परत टाकीत. फिरतं ऱ्हायलं की तापत न्हाई."

ट्रक धडधडला. तोवर मी नळीच न्याहाळत होतो, आज मात्र चेअरमनचा चेहरा आठवतो, कारण रिकामी घागर घेऊन उभी असलेली कौसाबाई ओरडली, "मग ह्या इंजिनालाच चेअरमन करा की!"