हुरडा आमच्या रानात, कणसं मंगळवेढ्याची

आणि वर कंपनी म्हणते, गावानं कधी तक्रारच केली नाही! अहो, दिवाळीपासून गेटवर चकरा मारून चपला झिजल्या आमच्या. वॉचमनचं एकच पाठांतर... "साहेब मीटिंगला आहेत, कळवतो." अजून कळवतोच आहे.

आमचं गाव सोलापूरपासून बसनं तासाभरावर. गावाला लागूनच बांधकामाच्या विटा बनवणारी मोठी कंपनी आहे. नाव लिहीत नाही, त्यांचं त्यांना कळेल. विटांसाठी राख आणणारे ट्रक उघडेच पळतात आणि ती करडी भुकटी सगळी आमच्या ज्वारीवर बसते. म्हैस कडब्याला तोंड लावते आणि मान फिरवते... जनावराला कळतं, कंपनीला कळत नाही.

कंपनी गावाशी बोलतच नाही असं नाही. गेटवर बोर्ड आहे, सगळा इंग्रजीत. कधीमधी मीटिंग पण घेतात, ती भर दुपारी, बायका रानात असताना. मग लिहून टाकायचं, महिलांचा प्रतिसाद नाही.

मागच्या रविवारी मात्र शेअरहोल्डर लोकांची एसी बस आली. कंपनीत पैसे घातलेली पुण्या-मुंबईची माणसं. त्यांना कारखाना दाखवायचा आणि मग गावात हुरडा पार्टी. भाजायला आमचा बचत गट, आणि जागा माझ्या बांधावरच्या चिंचेखाली. मी म्हटलं चला, निदान डोळ्यानं तरी बघतील.

सकाळी कंपनीच्या मॅडम टेम्पो घेऊन आल्या. लोकांशी बोलायचं काम त्यांच्याकडं, बोलायला गोड. टेम्पोतनं पोती उतरली... उघडून बघते तर कणसं! मंगळवेढ्याची.

मी म्हटलं, "मॅडम, हितं रानभर ज्वारी उभी हाय की. ही कशाला आणली?"

"ताई, ही जरा स्वच्छ आहेत ना..." एवढं बोलल्या आणि पोती मोजायला लागल्या.

माझी जाऊ सुमन हसायलाच लागली. "म्हंजे धूळ दिसती व्हय ह्यांना! मला वाटलं ह्यांचं डोळं तपासून आणावं लागतील."

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. आमच्यात हुरड्याला बोलावणं म्हणजे आपल्या रानातलं कणीस आपल्या आगटीत भाजायचं, आपल्या हातानं चोळून पाहुण्याच्या ओंजळीत घालायचं. नसेल तर बोलवायचं नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला नावं ठेवणारी मी कोण... पण ती तिकडं जाऊन खावी.

तरी भाजला. आगटीत गोवऱ्या पेटलेल्या, माणसं भुकेली. शेंगाचटणी, गूळ, दही सगळं मांडलं. मॅडम माइकवर सांगत होत्या, गाव आणि कंपनी एक कुटुंब आहे म्हणून.

त्या माणसांत पुण्याचे एक रिटायर काका होते. माझ्याजवळ मांडी घालून बसले, पोटभर खाल्लं आणि उभ्या ज्वारीकडं बोट करून म्हणाले, "वा! हे ह्याच शेतातलं ना?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. गटातल्या सगळ्या बायांनी बघितलं. नुसतं हो म्हणायचं होतं मला...

नाही आलं तोंडातनं. "नाही ओ काका. पोत्यातलं हाय. हितलं खायचं असंल तर देते."

उठले, कणसं खुडून आणली, आगटीत खुपसली, त्यांच्यासमोर चोळली. आगटीच्या राखेनं हात काळे होतातच, पण ही भुकटी फुंकून फुंकून जाईना. काकांनी घास घेतला... कचकन आवाज आला, मला ऐकू आला. थुंकले नाहीत. घास तोंडात तसाच धरून रस्त्यानं जाणाऱ्या ट्रककडं बघत बसले.

मग कसाबसा गिळला आणि मॅडमना विचारलं, ट्रकवर ताडपत्री का नाही? बाकीचे पण गोळा झाले. मॅडमनी फोन लावला आणि मोठे साहेब गाडीतनं हजर. आगटी विझायच्या आत उत्तर तयार! ताडपत्र्या घेतलेल्या आहेत म्हणे, गोडाऊनला पडून आहेत.

म्हणजे उत्तर होतं की. आमच्यासाठी नव्हतं, एवढंच.

बस गेल्यावर वाटलं, आता बाया मला शिव्या घालणार. कंपनीकडनं गटाला मिळणारं काम तुटलं माझ्यामुळं. तर शांताकाकू, ग्रामसभेत पदर तोंडात धरून बसणारी बाई, ती पुढं झाली. "बरं केलंस गं. पाव्हण्याला खोटं खाऊ घालून कुटं फेडायचं?"

अख्ख्या गटात एकीनं तोंड वाकडं केलं नाही. लई भारी वाटलं... चौथीत शाळा सुटली, तेव्हापासून एवढी ताठ मान करून मी घरी गेले नव्हते. त्या पुण्याच्या काकांचे पण आभार. नाव विचारायचं राहून गेलं.

आणि काल कंपनीनं व्हिडिओ टाकलाय. वर लिहिलंय, 'स्थानिकांशी सुसंवाद'. त्यात हुरडा चोळणारे हात माझे आहेत. काकांचा प्रश्न नाही, साहेबांचं उत्तर नाही... ते कापलं. ट्रक आज सकाळी पण उघडेच गेले. ज्वारी आता काढणीला येईल, कडबा एकदा राखेत गेला की वर्षभर म्हशीपुढं काय टाकू? तुमचा व्हिडिओ?

मॅडम, माझी पोस्ट तुमच्यापर्यंत जाईल, तेवढी माणसं आहेत इथं. येत्या शुक्रवारी दिवेलागणीला मारुतीच्या देवळापुढं या, साहेबांना घेऊन. मराठीत बोला. गोडाऊनमधल्या ताडपत्र्या ट्रकवर कुठल्या दिवशी चढणार, तेवढं एकच सांगा. आम्ही सगळ्या असू तिथं. शुक्रवारी उत्तर पाहिजे, कळवतो नको.